तरुण क्रीडावार्ताहर

सन २०१० मध्ये सिंगापूर येथे पहिले युवा ऑलिंपिक सामने भरले. मैदानावर खेळाडूंची कसोटी लागत होती. मैदानाबाहेर काही तरुण वार्ताहरांची! आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने देशोदेशींचे १८ ते २४ वर्षांचे पत्रकारितेचे विद्यार्थी व नवोदित पत्रकार तेथे बोलावले होते. अनुभवी पत्रकारांच्या देखरेखीखाली ते वृत्तलेखन, छायाचित्रण व चित्रफिती तयार करणे शिकले.

प्रत्येक साधनाची शिस्त निराळी. छायाचित्रकाराच्या हातून निसटलेला क्षण पुन्हा येत नाही. लेखकाला शब्द पारखण्यास थोडा अवधी मिळतो. परंतु एक नियम सर्वांना सारखाच आहे: बातमी त्वरेने द्यावी, पण पडताळल्यावाचून देऊ नये. नाव चुकले, तर एकाच्या श्रमांचे श्रेय दुसऱ्यास जाते. खेळात न्याय पंच देतो. बातमीत तो वार्ताहरानेच द्यावयाचा असतो.