मुरगळलेला घोटा: पैसा कुठे घालाल?

बॅले शिकणाऱ्या मुलीचा घोटा बहुतेक वेळा उडीवरून उतरताना मुरगळतो. टाच वर आणि बोटं खाली असताना घोट्याची पकड आधीच ढिली असते. पाऊल आत वळलं, की बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं किंवा फाटतं. मग पहिल्या दोन दिवसांत घरचे भरमसाट खर्च करतात आणि खरी गरज असते तेव्हा हात आखडता घेतात.

पुढचे दर मुंबई-पुण्यातल्या खासगी ठिकाणचे, ढोबळ आहेत.

अस्थिरोगतज्ज्ञांची फी ६०० ते १,५०० रुपये, एक्स-रे ४०० ते १,०००. एक्स-रे दर वेळी लागतोच असं नाही. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले ‘ओटावा’ निकष डॉक्टर आजही वापरतात: घोट्याच्या हाडांचं टोक किंवा मागची कड दाबल्यावर दुखते का, आणि चार पावलं टाकता येतात का. दुखत नसेल आणि पावलं टाकता येत असतील, तर एक्स-रे सहसा टाळता येतो. करंगळीमागचं लांब हाड दुखत असेल, तर मात्र एक्स-रे काढाच. उतरताना तिथे होणारं तिरकं फ्रॅक्चर नाचणाऱ्यांमध्ये नेहमीचं आहे. एमआरआयला पाच ते नऊ हजार लागतात. ताज्या सुजेत तो सहसा लागत नाही. दीड-दोन महिन्यांनीही घोटा दुखत, अडकत असेल, तर विचार करायचा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत; रांगेची तयारी ठेवा.

आंबेहळदीचा लेप खुशाल लावा, पण पहिले काही दिवस घोटा कुणाकडूनही चोळून घेऊ नका.

आता फिजिओथेरपी. एका बैठकीचे ५०० ते १,००० रुपये होतात आणि दुखणं थांबलं की लोक इथेच काटकसर करतात. लिगामेंटसोबत पाऊल कुठे, कसं टेकलंय याची मेंदूला मिळणारी खबरही बिघडते. सूज उतरते, खबर बिघडलेलीच राहते, म्हणून तोच घोटा पुन्हा मुरगळतो. मुलीला दुखऱ्या पायावर उभं करून डोळे मिटायला सांगा (शेजारी तुम्ही उभे राहा). चांगल्या पायापेक्षा लवकर डगमगली, तर काम बाकी आहे. नाचणाऱ्यांची सवय आरशात बघून तोल सावरायची, त्यामुळे क्लासमध्ये हा दोष झाकला जातो. फिजिओकडून आरशाविना, डोळे मिटून करायचे व्यायाम मागून घ्या.

रोज जायची गरज नाही. आठवड्याला एक-दोन बैठका आणि रोज घरी दहा-पंधरा मिनिटं, असं दीड-दोन महिने चालवलं, तर तीन ते सोळा हजारांत भागतं. तोल साधायची डुलती फळी, म्हणजे वॉबल बोर्ड, ८०० ते २,००० रुपयांना मिळते, पण सुरुवातीला घरातली जाड उशी पुरते. ब्रेस काही आठवड्यांपुरता ठीक. महागडा घेऊन व्यायाम टाळणं म्हणजे पैसे पाण्यात.

पॉइंट शूजवर (बोटांच्या टोकांवर नाचायचे शूज) परतण्याची घाई क्लासच्या कार्यक्रमासाठी करू नका. फक्त दुखऱ्या पायावर, न डुलता सलग वीस-पंचवीस वेळा टाच उचलता येते का, हे फिजिओंसमोर तपासा. जुने, मऊ पडलेले शूज त्याच वेळी बाद करा. आयात केलेली नवी जोडी सात-आठ हजारांच्या पुढे जाते, तो आकडा आधीच हिशोबात धरा. साध्या मेडिक्लेममध्ये दाखल न होता घेतलेली फिजिओथेरपी बहुधा बसत नाही. पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का बघा. आणि बुडालेल्या महिन्यांची फी पुढे वळवून देतील का, हे क्लासला लेखी विचारा.