पाणी, ठिणगी आणि जुन्या मोटारीचे इंजिन

पावसाळ्यात मुंबईच्या रस्त्यांवर एके काळी एक दृश्य हमखास दिसे. काळी-पिवळी टॅक्सी कडेला उभी, बॉनेट उघडलेले, आणि ड्रायव्हर कोरड्या फडक्याने वाटीएवढी एक काळी टोपी आतून-बाहेरून पुसतो आहे! टोपी जागेवर बसवली, चावी फिरवली, की गाडी सुरू होई. ही गाडी बहुधा 'प्रीमियर पद्मिनी' असे. इटलीच्या फियाट ११०० डी या मोटारीची ही भारतीय आवृत्ती १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली; पद्मिनी हे नाव तिला नंतर मिळाले. टॅक्सी म्हणून तिने मुंबईचा निरोप घेतला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये. तरीही हौसेने जपलेल्या पद्मिनी आजही अनेकांच्या दारात आहेत, आणि त्यांचे इंजिन पाण्याने धुवावे की न धुवावे, हा वाद त्यांच्या मालकांत नेहमीचा आहे.

न धुण्याचा पक्ष वाटतो तितका निर्धोक नाही. इंजिनावर तेल आणि धूळ यांचा थर साचला, की उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो. त्याहून वाईट म्हणजे, त्या थराखाली पेट्रोलच्या नळीला पडलेली चीर दिसतच नाही. अशा गाडीला आग लागली, तर थरातले तेल तिला इंधनच पुरवते. तेव्हा धुणे आवश्यक आहे. मग पाण्याने नेमके बिघडते काय?

प्रथम त्या काळ्या टोपीकडे वळू. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. एवढ्या दाबाने हवेत ठिणगी पडत नाही. म्हणून इग्निशन कॉइल नावाचे एक लहान रोहित्र हा दाब १५ ते २० हजार व्होल्टपर्यंत चढवते. डिस्ट्रिब्यूटर हा दाब चार स्पार्क प्लगांना पाळीपाळीने वाटून देतो. बेकेलाइटची ती टोपी म्हणजे या डिस्ट्रिब्यूटरचे झाकण. झाकणाच्या आत धातूची टोके एकमेकांपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतरावर असतात, आणि मधला कोरडा बेकेलाइट वीज जाऊ देत नाही.

आता त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा बसला असे समजा. कोणी म्हणेल, शुद्ध पाणी तर विजेचे दुर्वाहक! बरोबर आहे. एक सेंटिमीटर बाजू असलेल्या शुद्ध पाण्याच्या घनाचा रोध २५ अंश सेल्सिअसला सुमारे १८० लाख ओहम असतो. परंतु नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, आणि तेवढ्याच घनाचा रोध अवघ्या काही हजार ओहमांवर येतो. इंजिनावरची धूळ त्यात मिसळली, की तो आणखी घटतो. शिवाय स्पार्क प्लगच्या फटीत हवा दाबलेली असते. दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडण्यास अधिक व्होल्ट लागतात. त्यामानाने ओल्या झाकणावरून घरंगळत जाणे विजेला सोपे. मग कॉइलची गत तळाला भोक पडलेल्या बादलीसारखी होते. दाब चढायच्या आतच गळून जातो आणि प्लगवर ठिणगी पडत नाही.

नुकसान तेवढ्यावरच थांबत नाही. ओल्या, मळकट पृष्ठभागावरून वीज वारंवार सरपटली, की त्या वाटेवरचा बेकेलाइट करपतो आणि केसासारखी काळी रेघ उमटते. ही रेघ कार्बनची, आणि कार्बन तर विजेचा वाहक. म्हणजे पाणी वाळून गेले, तरी वाट कायमची तयार झाली! असे झाकण कितीही पुसले, तरी उपयोग नाही. ते बदलावेच लागते. जुन्या गाड्यांचे चांगले सुटे भाग आज सहज मिळत नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे कोरड्या फडक्याचे महत्त्व पटेल.

हे गुणधर्म शाळेत पाहता येतील. ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी आणि एक हजार ओहमांचा रोध एकसरीत जोडा. मंडलाची दोन मोकळी टोके ऊर्ध्वपातित पाण्यात, एकमेकांना न चिकटतील अशी बुडवा. दिवा जवळजवळ लागणारच नाही. पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि ढवळा. आता काय होते? (हा प्रयोग बॅटरीवरच करावयाचा. घरातल्या विजेच्या बटणाशी त्याचा संबंध येता कामा नये.)

दुसरा धोका उष्णतेचा. इंजिनातले जळलेले वायू ज्या बिडाच्या नळातून बाहेर पडतात, त्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे तापमान गाडी चालताना कित्येक शे अंशांपर्यंत जाते. त्यावर गार पाणी ओतले, तर वरचा थर एकदम आकसू पाहतो, पण आतला गरम भाग त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत निर्माण होणारे प्रतिबल आपण काढू शकतो. बिडाचा प्रसरणांक दर अंशास सुमारे ०.००००१, आणि यंगचा गुणांक दर चौरस मिलिमीटरला सुमारे १ लाख न्यूटन. वरचा थर २०० अंशांनी थंड झाला आणि त्याला मुळीच आकसता आले नाही असे धरले, तर तिन्हींचा गुणाकार येतो २०० न्यूटन दर चौरस मिलिमीटर. साधे बीड ताणले असता १५० ते २५० च्या दरम्यान तुटते. प्रत्यक्षात धातू थोडा आकसतो, म्हणून प्रत्येक वेळी तडा जात नाही. 'आम्ही नेहमी गरम इंजिनावरच पाणी मारतो, काही होत नाही,' असे सांगणारे भेटतात ते यामुळेच. पण भंगण्याच्या सीमेच्या किती जवळ जाऊन ते परत येतात, याची त्यांना कल्पना नसते.

मग इंजिन पूर्ण गार असावे काय? माझे मत विचाराल तर, धातूवर तळहात निवांत टेकवता येईल इतके कोमट असावे. कोमट असताना तेलाची विष्यंदिता कमी असते आणि मळ लवकर सुटतो. इंजिन मात्र बंदच हवे. चालू इंजिनाचा पंखा आणि पट्टा हाताला धोकादायक असतात, शिवाय ते कार्ब्युरेटरवाटे पाणी आत खेचते.

आत गेलेले पाणी काय करील? पद्मिनीच्या इंजिनाची क्षमता १०८९ घन सेंटिमीटर आणि सिलिंडर चार. म्हणजे प्रत्येकी सुमारे २७२. संपीडन गुणोत्तर आठ धरले, तर दट्ट्या वर गेल्यावर उरणारी जागा २७२ भागिले ७, म्हणजे जेमतेम ३९ घन सेंटिमीटर. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ नाहीच. तीन-चार मोठे चमचे पाणी सिलिंडरमध्ये असताना गाडी सुरू केली, तर दट्ट्याचा दांडा वाकू शकतो. पाणी थोडेच गेले, तर ते पेट्रोलपेक्षा जड असल्याने कार्ब्युरेटरच्या तळाशी बसते, आणि गाडी गचके देत राहते.

म्हणून तयारी अशी करावी. बॅटरीचे जे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असेल, त्याची तार आधी सोडवावी. उलट केले आणि पाना सांगाड्याला टेकला, तर मंडल पूर्ण होऊन मोठी ठिणगी उडते. बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असू शकतो. मग डिस्ट्रिब्यूटर, कॉइल, डायनॅमो किंवा अल्टरनेटर आणि कार्ब्युरेटरचे तोंड यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या घट्ट बांधाव्यात. हे काम घरातल्या मोठ्या माणसाच्या किंवा मेकॅनिकच्या सोबतीनेच करावे.

थर आधी लाकडी पट्टीने खरवडून कागदात गुंडाळून टाकावा. तो गटारात सोडू नये. उरलेल्या तेलाला साबणाचे पाणी आणि ब्रश पुरे होतात. पुष्कळ ठिकाणी इंजिनावर रॉकेल फवारतात. तेलात तेल विरघळते हे खरे, परंतु रॉकेलची वाफ ४० अंशांच्या आसपास ठिणगीने पेटू शकते, आणि आपले इंजिन तर कोमट आहे! पेट्रोलला तेवढीही ऊब लागत नाही. रॉकेल रबरी नळ्यांनाही मानवत नाही. साधा रबर बँड त्यात दोन दिवस ठेवा, किती फुगतो ते दिसेल. कॉस्टिक सोडा अल्युमिनियमला खातो, तोही नको.

पाण्याचा जोर किती असावा? पाण्याची टाकी १० मीटर उंच असेल, तर नळीच्या तोंडाशी पाण्याचा वेग घर्षण सोडून सेकंदाला सुमारे १४ मीटर असतो. सर्व्हिस स्टेशनमधल्या पंपाचा दाब याच्या शंभरपट असू शकतो. वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो होतो सेकंदाला १४० मीटर, म्हणजे तासाला ५०० किलोमीटर! ४०-५० वर्षांपूर्वीच्या, कडक होऊन चिरलेल्या वायरींपुढे असा फवारा म्हणजे करवतच. जुन्या गाडीला बागेतली नळी, तीही मंद सोडलेली, पुष्कळ झाली.

खरे काम यानंतर आहे, आणि घाई नेमकी येथेच होते. केशाकर्षणाने पाणी तारांच्या जोडांत आणि प्लगांभोवतीच्या खळग्यांत शिरून बसते. वरून इंजिन सुके दिसते. पिशव्या लगेच काढाव्यात, कारण त्यांच्या आतल्या बाजूस दव धरते. खळग्यांत सायकलच्या पंपाने हवा मारावी, डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडून आतून पुसावे, आणि बॉनेट उघडे ठेवून गाडी दोन-तीन तास उन्हात राहू द्यावी. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. ऊन आणि वारा त्या फुकट पुरवतात. नंतर बॅटरी जोडून गाडी मोकळ्या जागेत सुरू करावी. बंद गॅरेजमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो.

त्याच रात्री अंधारात, हात न लावता, चालू इंजिनाकडे जरा दुरून पाहावे. एखाद्या तारेभोवती निळसर ठिणग्या चमकताना दिसल्या, तर वीज तेथून गळते आहे आणि ती तार बदलायला झाली आहे.