चंबूत वाढणारे सर्पगंधेचे मूळ

सर्पगंधा ही अरण्यातील दमट सावलीत उगवणारी लहानशी वनस्पती होय. मराठीत तिला अडकई असेही म्हणतात. तिची औषधी द्रव्ये मुळात, विशेषतः मुळाच्या सालीत, साठलेली असतात. पाने खुडून येथे भागत नाही. मूळ हवे तर झाडच उपटावे लागते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ५० रुग्णांवरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि या मुळाने वाढलेला रक्तदाब उतरतो याकडे जगाचे लक्ष वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे त्यातून रेसर्पिन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. वैद्यांच्या बटव्यातील मुळीला एकाएकी जगभरातून मागणी आली व अरण्ये खणली जाऊ लागली. १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. शेतात लावावी तर मूळ भरण्यास दोन-तीन वर्षे लागतात.

मग झाडावाचून नुसते मूळच वाढविता येईल काय? वनस्पतीच्या सुट्या पेशी पोषक द्रवात वाढतात खऱ्या. परंतु मुळाची घडण हरपल्यामुळे मुळातील द्रव्ये त्या पुष्कळदा पुरेशी बनवीत नाहीत. येथे एक मातीतला जंतू उपयोगी पडला. त्याचे नाव ॲग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजेनीस. वनस्पतीच्या जखमेतून तो आपल्या जनुकद्रव्याचा एक तुकडा तिच्या पेशींत घालतो, हे १९८२ साली सिद्ध झाले. त्या तुकड्यामुळे जखमेपाशी बारीक, दाट, केसाळ मुळे फुटतात. वस्तुतः हा वनस्पतीचा एक रोगच. पण त्याचाच शास्त्रज्ञांनी उपयोग करून घेतला.

जंतुरहित केलेल्या पानाला किंवा खोडाला ओरखडा काढून त्यावर हा जंतू सोडतात. मुळे फुटली की ती कापून घेतात आणि प्रतिजैविकाने जंतू मारून टाकतात. मागे उरलेले मूळ साखर व क्षार असलेल्या द्रवात, हलत्या चंबूत, वाढत राहते. त्याला पाने नकोत, माती नको. वाढीची संप्रेरकेही बाहेरून घालावी लागत नाहीत. मुंबईतच तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी सर्पगंधेवर हा प्रयोग केला व अशा मुळांत अल्कलॉइडे तयार होतात, असे १९९३ साली प्रसिद्ध केले.

मात्र चंबूतून मोठ्या टाकीत जाताना खरी अडचण येते. मुळांचा गुंता होतो, आतल्या मुळांना प्राणवायू मिळत नाही व ती काळवंडतात. द्रव घुसळावा तर पात्यांनी मुळे तुटतात. म्हणून काही ठिकाणी टाकीत खालून हवेचे बुडबुडे सोडतात, तर काही ठिकाणी मुळे जाळीवर ठेवून त्यांवर पोषक द्रवाचे तुषार उडवितात. दक्षिण कोरियात जिनसेंगची मुळे टाक्यांत वाढवून विकली जातात. ती केसाळ मुळे नव्हेत, जंतूऐवजी संप्रेरकांनी फुटविलेली असतात. जिनसेंग महाग, म्हणून तो खर्च परवडतो. सर्पगंधेचे मूळ त्या मानाने स्वस्त. तेव्हा टाकीची वीज, साखर व जंतुरहित हवा यांचा खर्च निघावा, एवढे अल्कलॉइड मुळातून मिळविणे हेच अद्याप संशोधकांपुढील काम आहे.