'पब' : एक समाजसंस्था

'पब' म्हटले की आपल्याकडे दारूचा गुत्ता डोळ्यांपुढे येतो आणि नाक मुरडले जाते. परंतु हा शब्द मुळात 'पब्लिक हाऊस' म्हणजे सार्वजनिक घर याचा संक्षेप आहे. समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला दारूपेक्षा या 'घरा'चे कुतूहल अधिक वाटते. परक्या गावी आलेला माणूस तेथे चार ओळखी कशा जोडतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१९३७ मध्ये 'मास ऑब्झर्व्हेशन' या संस्थेने बोल्टन या कापडगिरण्यांच्या गावी लोकजीवनाचे निरीक्षण आरंभिले. त्यातून १९४३ साली 'द पब अँड द पीपल' हा ग्रंथ निघाला. घर आणि कामाची जागा वगळता लोकांचा सर्वाधिक वेळ पबमध्ये जातो, असे त्यात नोंदविले आहे. पुढे १९८९ साली रे ओल्डनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने अशा जागांना 'तिसरे ठिकाण' हे नाव दिले. पहिले घर, दुसरे काम आणि तिसरे गप्पांचे. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये आपल्या आवडत्या पबचे वर्णन लिहिले. तेथे नेहमीची माणसे बिअरइतकीच गप्पांसाठी येतात. मात्र असा पब प्रत्यक्षात नाही, हे तो शेवटी सांगून टाकतो!

तरीही त्याच्या जवळपास जाणारा पब कसा ओळखावा? माझ्या मते खूण जागेच्या रचनेत आणि रीतीत आहे. पबमध्ये सहसा वेटर टेबलाशी येत नाही. गिऱ्हाइकाला स्वतः काउंटरपर्यंत जावे लागते. तेथे उभ्या असलेल्या माणसाशी हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलणे शिष्टसंमत असते. कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेल्याला मात्र एकांत हवा आहे, असे समजतात. म्हणून नवख्याने काउंटरजवळ थांबावे, फारशी गर्दी नसलेली वेळ निवडावी आणि त्याच वेळी पुन्हा पुन्हा जावे. प्रश्नमंजूषेची किंवा 'डार्ट्स'ची संध्याकाळ असेल तर फारच उत्तम, कारण मग बोलायला निमित्त शोधावे लागत नाही. चौघांत बसल्यावर आळीपाळीने सर्वांसाठी पेये आणण्याची रीत आहे. आपली पाळी चुकविणारा नजरेतून उतरतो. दारू न घेणाऱ्याने सरबत घेतले तरी पाळी सांभाळता येते.

पण काउंटर सर्वांना सारखाच खुला होता काय? स्मेथिक या कारखान्यांच्या गावी ओतशाळांत राबणाऱ्या भारतीय कामगारांना काही पबांत प्रवेश नाकारला जाई, तर काही ठिकाणी ठराविक खोलीतच बसावे लागे. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जोहल यांनी याविरुद्ध लढा दिला. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स तेथे आले असता 'ब्लू गेट्स' या पबच्या एका खोलीत त्यांनाही पेय नाकारण्यात आले. त्याच वर्षीच्या वंशसंबंधविषयक कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा असा भेदभाव बेकायदा ठरविला. पुढे त्याच परिसरात भारतीय वंशाच्या मालकांनी पब चालवायला घेतले. हे 'देसी पब' आज पंजाबी जेवणासाठी प्रसिद्ध आहेत, आणि गोरे शेजारीही तेथे आवडीने जातात.

आपणांस हा इतिहास परका वाटू नये. आपल्याही गावांतून पार होता, चावडी होती, पाणवठा होता. पण तेथे कोणी बसावे आणि कोणी दूर उभे राहावे, हे जातीवरून ठरत असे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली करावा लागला, तो सार्वजनिक म्हणविलेले पाणी खरोखरच सार्वजनिक व्हावे म्हणून. तेव्हा एखादी जागा मनमिळाऊ आहे की नाही, हे तेथील जुन्या मंडळींच्या हास्यविनोदावरून ठरवू नये. दारातून प्रथमच आत येणाऱ्याला तेथे कशी जागा करून दिली जाते, हे पाहावे. आपल्या महाविद्यालयाच्या कट्ट्यालाही हीच कसोटी लावून पाहायला हरकत नाही.