सही टाकीच्या तोंडाशी

सकाळी साडेनऊच्या सुमारास मी त्या परमिटवर सही केली. टेबलावर शटडाऊनच्या कामांची यादी पसरलेली होती आणि त्या दिवसाचं ते अकरावं परमिट होतं. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण विभागाच्या, कलेक्शन पिटमधला गाळ काढायचा आणि पंपाचा चोक झालेला फूट व्हॉल्व मोकळा करायचा, एवढंच काम. ऑक्सिजन २०.९ टक्के, हायड्रोजन सल्फाइड शून्य, ज्वलनशील वायू शून्य, असे आकडे रकान्यांत भरलेले होते. ते पाहून मी सही केली. पिट माझ्या ऑफिसपासून फार तर दीडशे पावलांवर होता. मी तिथपर्यंत गेलो नाही.

दुपारी बाराच्या आत त्या पिटमध्ये दोन माणसं गेली.

याला आता वीस वर्षं होत आली. कारखाना रायगड जिल्ह्यातला, रसायनांचा. त्याचं नाव घेत नाही, कारण नंतर मी जे कितीतरी कारखाने पाहिले तिथेही हे काम याच पद्धतीनं चाललेलं होतं. मी तेव्हा मेंटेनन्सचा शिफ्ट इंजिनिअर होतो आणि परमिट द्यायचा अधिकार माझ्याकडे होता. पुढे मी मेंटेनन्स सोडलं, सेफ्टीचा डिप्लोमा केला आणि उरलेली सगळी नोकरी याच एका विषयात घालवली.

पिट काँक्रीटचा, जमिनीखाली सोळा फूट. वर दोन फूट चौरस मॅनहोल आणि भिंतीत बसवलेल्या लोखंडी पायऱ्या. प्लँट बारा दिवस बंद होता. पाणी पंपानं काढलं होतं आणि तळाशी गुडघाभर काळा गाळ उरला होता. असा गाळ हवेशिवाय पडून राहिला की त्यातले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तो वायू गाळातच बुडबुड्यांसारखा अडकून बसतो. सकाळी ज्यानं मीटर लावला त्याच्याकडे नळी लहान होती. हातभर आत सोडून त्यानं आकडे घेतले. मॅनहोलच्या तोंडाशी हवा बाहेरच्यासारखीच स्वच्छ असणार, तशी ती होती. नळी तळापर्यंत गेली असती तरीही कदाचित शून्यच दिसलं असतं, कारण तोवर गाळाला कोणी हात लावला नव्हता. पहिलं फावडं बसलं आणि वायू सुटला.

कंत्राटदाराचे दोन हेल्पर त्या कामावर होते, मराठवाड्यातल्या एकाच गावचे, नात्यानं आतेमामे भाऊ. थोरला आत उतरला, धाकटा वर उभा राहिला. ईटीपीच्या ऑपरेटरनं नंतर सांगितलं, की चार-पाच फावडी मारल्यावर थोरला वर पाहून काहीतरी म्हणाला आणि बसकण मारावी तसा खाली गेला. धाकट्यानं "दादा!" अशी हाक मारली आणि तो सरळ पायऱ्यांनी उतरला. तळापर्यंत पोचायच्या आतच त्याचे हात सुटले.

आरडाओरड ऐकून मी धावत गेलो. तोवर एक फिटर नाकाला रुमाल बांधून आत पाय टाकत होता आणि ऑपरेटरनं त्याला कमरेला मिठी मारून धरलं होतं. ते वयानं सगळ्यांत मोठे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. मीही मॅनहोलकडे वाकलो. ते तिथूनच ओरडले, "साहेब, मागं व्हा! तुम्ही गेलात तर तुम्हाला कोण काढणार?" मी थांबलो. मी आज हे लिहितो आहे ते त्या ओरडण्यामुळे. श्वसनाचे एअर सेट घेऊन अग्निशमन दलाची गाडी आली तेव्हा वीस मिनिटं उलटून गेली होती. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर चारेक मिनिटांतच कायमची इजा सुरू होते.

चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. पिटमध्ये येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व बंद होता, पण तिथे ब्लाइंड, म्हणजे लाइन बुजवणारी चकती, टाकलेली नव्हती. व्हॉल्व पास होत होता, आणि वरच्या मजल्यावर ॲसिडनं धुतलेल्या रिॲक्टरचं पाणी थेंबथेंब पिटमध्ये उतरत होतं. सल्फाइडच्या गाळावर ॲसिड पडलं की काय होतं ते कोणत्याही केमिस्टला विचारा.

तेराव्याच्या आधी मी त्यांच्या गावी गेलो. धाकट्याच्या आईला कारखान्याची भाषा कळत नव्हती, म्हणून मी साध्या शब्दांत सांगू लागलो, की एकाला काढायला दुसरा आत गेला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग बाहेर कोन होतं, साहेब?"

परमिटवर 'बाहेर थांबणारा' असा एक रकाना होता. त्यात तिच्याच मुलाचं नाव होतं. बाहेर थांबून काय करायचं आणि काय करायचं नाही, हे त्याला कोणीही सांगितलं नव्हतं. त्याच्या हातात दोर नव्हता, शिट्टी नव्हती. भाऊ डोळ्यांसमोर कोसळला तेव्हा आत जाण्यावाचून त्याला दुसरं काही करता येईल अशी व्यवस्था आम्ही ठेवलीच नव्हती.

मी मूळचा सांगलीकडचा. हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं. लहानपणी आजोबांबरोबर मी पेव उघडताना पाहिलं आहे. तोंडावरची माती काढली की लगेच कोणी उतरायचं नाही. काही तास पेव तसंच उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर आणखी थांबायचं. व्यापारी घाई करायचा, बाहेर गाडी उभी असायची, तरी हमाल बांधावर बसून राहायचे. मला घाईच्या दिवशीही थांबणारी ती माणसं आठवतात, आणि ज्या सकाळी मी थांबायला हवं होतं ती सकाळ आठवते. (कंदिलाची रीत कारखान्यात मात्र चुकूनही वापरू नका. ज्वलनशील वायू असेल तर तोच कंदील स्फोट करेल, आणि विषारी वायूबद्दल ज्योत काहीच सांगत नाही.)

नंतरच्या वर्षांत मी परमिट ऑफिसात सही करणं बंद केलं. जिथे माझं चालत होतं, त्या प्रत्येक ठिकाणी बंद करायला लावलं. सही टाकीच्या तोंडाशी उभं राहून करायची, मीटर डोळ्यांसमोर लावून घेऊन. तुम्ही सुपरवायझर असाल आणि दिवसाला वीस परमिटं असतील, तर ती वीस कामं त्या दिवशी होणार नाहीत, हे वरिष्ठांना स्पष्ट सांगा. मी ते सांगितलं नव्हतं.

मीटर म्हणजे चार वायूंचा: प्राणवायू, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. सकाळी तो बंप टेस्ट करून घ्यायचा, म्हणजे थोडा वायू देऊन वाजतो का ते पाहायचं, कारण सेन्सर मेलेला असला तरी पडद्यावर शून्य दिसू शकतं. वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी हवा तपासायची, लांब नळी लावून. नळी जितकी लांब तितका वेळ हवा मीटरपर्यंत यायला लागतो. तो वेळ द्यायचा. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा २३.५ च्या वर असेल तर आत जायचं नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तपासायचं. गाळ असेल तर बाहेरूनच काठीनं किंवा पाण्याच्या जेटनं तो ढवळायचा आणि मग मोजायचं. आतल्या माणसाच्या छातीवर एक मीटर सतत चालू हवा. आमच्या पिटमध्ये एवढी एक गोष्ट असती तर फावड्याच्या पहिल्या फटक्यालाच तो वाजला असता.

नाकावर विसंबू नका. जुने लोक म्हणतात, सडक्या अंड्याचा वास आला तर बाहेर यायचं. हायड्रोजन सल्फाइडचा वास अगदी थोड्या प्रमाणात येतो हे खरं, पण तो दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास पोचला की वास कळणंच बंद होतं. माणसाला वाटतं, वायू गेला. हजाराच्या जवळ एक-दोन श्वासांत माणूस पडतो, पायरीला हात लावायलाही वेळ मिळत नाही.

नायट्रोजनला तर वासही नाही. ५ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेत डेलावेअर सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एका रिॲक्टरमध्ये नायट्रोजन सोडलेला होता आणि चिकटपट्टीचा एक रोल आत पडलेला होता. तो वर ओढायच्या प्रयत्नात एक कंत्राटी कामगार आत गेला आणि पडला. त्याला काढायला फोरमन उतरला. दोघेही मेले. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डानं यावर अहवाल काढला आहे. आमच्या पिटची गोष्ट सांगून झाली की प्रशिक्षणात मी तीच सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत कोणीतरी "आमच्याकडे गाळ नाही" असं म्हणतोच. गाळ नको, रसायन नको. महिनोन्‌महिने बंद असलेली लोखंडी टाकीसुद्धा गंजताना आतला प्राणवायू खाते.

लाइनच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: बंद व्हॉल्व म्हणजे उघडी लाइन, असंच धरून चालायचं. ब्लाइंड टाका किंवा पाइपचा तुकडा काढून लाइन तोडा. आतल्या स्टररच्या मोटरला कुलूप लावा आणि किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात ठेवा. ब्लोअरची डक्ट तळापर्यंत सोडा आणि ब्लोअर स्वतः डिझेल जनरेटरपासून दूर ठेवा. जनरेटरचा धूर आत ढकलला गेलेला मी पाहिला आहे. हवा कमी आहे म्हणून सिलिंडरमधला ऑक्सिजन कधीही सोडू नका, एका ठिणगीनं अंगावरचे कपडे पेटतील. हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नको. आणि साधा गाळणीचा मास्क तिथे काही कामाचा नाही. जी हवा नाहीच, ती तो कुठून आणणार?

आता दोर. कारखाने अधिनियम, १९४८ च्या ३६ व्या कलमात हे स्पष्ट होतं: जाणकार माणसानं स्वतः तपासून लेखी दाखला द्यावा, नाहीतर आत जाणाऱ्यानं श्वसनाचं साधन आणि पट्टा लावावा, पट्ट्याला दोर बांधावा आणि त्याचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावं. आमच्याकडे दाखला होता, म्हणून दोर लागत नाही असं आम्ही धरलं. मी सांगतो, दाखला असला तरी दोर बांधा. कमरेचा पट्टा नको, पूर्ण अंगाचा हार्नेस हवा आणि दोर पाठीच्या कडीला हवा. कमरेतून ओढलेला माणूस दुमडतो आणि मॅनहोलमध्ये अडकतो. वर तिकाटणं आणि हातानं फिरवायची विंच हवी. गाळानं माखलेला, बेशुद्ध, सत्तर किलोचा माणूस हातांनी सोळा फूट ओढता येत नाही.

अमेरिकेच्या नायोश या संस्थेनं १९८६ साली एक इशारा काढला. अशा बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात, असं त्यात म्हटलं आहे. मी तो वाचला तेव्हा मला तो धाकटा आठवला. म्हणून बाहेर थांबणाऱ्याशी मी स्वतः बोलतो. त्याला सांगतो: तू आत जायचं नाहीस, बाप आत असला तरी नाही. शिट्टी फुंकायची, विंच फिरवायची, फोन करायचा. चहाला जायचं असेल तर आधी आतल्याला वर घ्यायचं. आणि शक्यतो नात्यातली माणसं एकाच टाकीवर लावू नका. भावाला थांबवून धरायचं बळ कोणाकडून मागावं?

जे आत उतरतात त्यांना माझी विनंती आहे. "मीटर दाखवा," असं म्हणा. "मला वर कसं काढणार?" असं विचारा. काम जाईल ही भीती खरी आहे, मी ती रोज पाहतो. तरी विचारा, आणि एकट्यानं विचारता येत नसेल तर चौघांनी मिळून विचारा.

निवृत्तीनंतरही काही कारखाने मला बोलावतात. मी साठ किलो वाळूचं पोतं मागवतो, त्याला हार्नेस घालतो, रिकाम्या, तपासलेल्या टाकीत सोडायला लावतो आणि म्हणतो, हा तुमचा माणूस पडला, आत न जाता काढा. मागच्या पावसाळ्याआधी एका ठिकाणी विंचची किल्ली स्टोअरमध्ये होती आणि स्टोअरकीपर जेवायला गेला होता. पोतं वर यायला सतरा मिनिटं लागली. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला न सांगता पुन्हा केलं, मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला पोतं अडीच मिनिटांत बाहेर आलं. त्यानंतर तिथल्या शिफ्ट इंजिनिअर मुलीनं मॅनहोलपाशी उकिडवं बसून, गुडघ्यावर पॅड ठेवून, परमिट लिहायला घेतलं.