शब्दांची ओळखपाळख

"इंग्रजीत चार वाक्ये बोला," असे म्हटले की वर्गातील बहुतेक मुलांचे एकच उत्तर असते, "शब्दच येत नाहीत." हे उत्तर खोटे नाही, पण ते पुरते खरेही नाही. आज सकाळपासून तुम्ही किती इंग्रजी शब्द वापरले ते मोजून पाहा. बस, तिकीट, पेन, बेंच, बल्ब, डॉक्टर, स्टेशन, मोबाइल. हे शब्द तुमच्याकडून कोणी घोकून घेतले नव्हते. वस्तू समोर होती, तिचे नाव कानावर पडत होते आणि पडता पडता ते जिभेवर बसले.

हे सगळे शब्द सामान्यनामे आहेत. एका जातीच्या कोणत्याही वस्तूला, प्राण्याला किंवा माणसाला जे नाव लागू पडते ते सामान्यनाम. मुलगा, शहर, नदी ही सामान्यनामे. सलीम, मालेगाव, गिरणा ही विशेषनामे. उर्दू व्याकरणात तुम्ही यांनाच इस्म-ए-नकिरा आणि इस्म-ए-मारिफा म्हणता. शब्दसंग्रह वाढवायचा तर सुरुवात सामान्यनामांपासून करावी. कारण त्यांतील पुष्कळ डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात. 'खुर्ची' बोटाने दाखवता येते. 'असणे' कसे दाखवणार?

उर्दू माध्यमात शिकणाऱ्या मुलांना इतरांपेक्षा थोडे जास्त कष्ट पडतात, हे मान्य केले पाहिजे. उर्दूची लिपी उजवीकडून डावीकडे जाते. मराठी आणि हिंदीसाठी देवनागरी शिकावी लागते. इंग्रजीची रोमन लिपी तिसरी. एवढे गाठोडे डोक्यावर घेऊन चालणारा मुलगा दमला तर नवल नाही. परंतु त्या गाठोड्यात काय बांधले आहे, हे त्याला सहसा कोणी उघडून दाखवत नाही. आज आपण ते उघडू या.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. डब्यात साखर आहे. उर्दूत तिला शकर म्हणतात आणि इंग्रजीत शुगर. हे तिन्ही शब्द एकमेकांची भावंडे आहेत. संस्कृतातील 'शर्करा' फारसीत गेली आणि 'शकर' झाली. अरबीत ती 'सुक्कर' झाली. अरब व्यापाऱ्यांबरोबर ती युरोपात पोहोचली आणि पुढे इंग्रजीत 'शुगर' म्हणून स्थिरावली. लिंबू, लीमू आणि लेमन यांचेही तसेच. संत्र्याची गोष्ट आणखी गमतीची आहे. संस्कृतातील 'नारंग' फारसी-अरबीतून युरोपकडे निघाले. स्पॅनिश भाषेत त्याचा 'न' अजून शाबूत आहे. पण पुढच्या वाटेत तो गळून पडला आणि इंग्रजीला मिळाले 'ऑरेंज'. कापसाला इंग्रजीत कॉटन म्हणतात, तो शब्द अरबी 'कुत्न'वरून आला.

गणिताच्या तासाला तुम्ही 'सिफर' म्हणता, मराठीत 'शून्य' आणि इंग्रजीत 'झीरो'. शून्य म्हणजे रिकामे. अरबांनी भारतीय अंक घेतले तेव्हा या शब्दासाठी आपल्या भाषेतला 'रिकामे' या अर्थाचा 'सिफर' हा शब्द योजला. इटलीतील गणिती फिबोनाची याने १२०२ सालच्या आपल्या ग्रंथात त्याला लॅटिन वळण दिले, आणि त्याच शब्दापासून 'झीरो' तयार झाला. तुमच्या वहीतल्या शून्याला केवढा प्रवास घडला आहे पाहा!

आता वाचनालयात चला. तेथे मॅगझीन असते. अरबीत 'मखजन' म्हणजे वखार, साठवणीची जागा. त्याचे अनेकवचन 'मखाजिन'. हा शब्द युरोपात गेला तेव्हा प्रथम माल आणि दारूगोळा ठेवण्याच्या कोठाराला वापरला जाई. बंदुकीत गोळ्या भरण्याच्या भागाला आजही मॅगझीन म्हणतात ते त्यामुळेच. १७३१ साली लंडनमध्ये एडवर्ड केव्ह यांनी 'जंटलमन्स मॅगझीन' काढले. निरनिराळ्या लेखांची ती जणू वखारच होती. तेव्हापासून मासिकाला मॅगझीन म्हणण्याची रीत पडली. पुढे १९०१ साली लाहोरहून अब्दुल कादिर यांनी एक नामवंत उर्दू मासिक सुरू केले. त्याचे नाव काय होते? 'मखजन'. शब्द युरोपात जाऊन, नवा अर्थ घेऊन, आपल्या जुन्या घरी परत आला होता.

शब्द उसने देण्यात आपली मराठीही मागे नाही. सापाशी झुंजणाऱ्या मुंगसाला इंग्रजीत 'मंगूस' म्हणतात; तो शब्द मूळ मराठीच आहे. कामगार घालतात त्या जाड कापडाच्या कपड्यांना इंग्रजीत 'डंगरीज' म्हणतात. त्या नावाचा संबंध मुंबईच्या डोंगरीशी जोडला जातो. पायजमा तर तुम्ही न सांगताच ओळखाल. पाय आणि जामा हे दोन्ही फारसी शब्द.

इथपर्यंत ओळख झाली. पण ओळखीचा माणूस परक्या गावी गेला की तिथल्या चालीरीती पाळतो, तसे शब्दांचे होते. मराठीत पायजमा एकच असतो. इंग्रजीत तो नेहमी अनेकवचनी, कारण त्याला दोन पाय! कात्री आणि चष्मा यांनाही इंग्रजी भाषा याच हिशेबाने 'सिझर्स' आणि 'स्पेक्टॅकल्स' म्हणते. आणि मंगूसचे अनेकवचन? गूस म्हणजे हंसासारखा पक्षी, त्याचे 'गीस' होते, म्हणून मंगूसचे 'मंगीस' होईल असे तुम्हांला वाटेल. तसे होत नाही. 'मंगूसेस' असेच लिहावे लागते, कारण मंगूसचे गूसशी काहीच नाते नाही.

बहुतेक इंग्रजी नामांना शेवटी 'एस' हे अक्षर जोडले की अनेकवचन होते. मॅन–मेन, फूट–फीट, टूथ–टीथ असे काही शब्द मात्र पोटातला स्वर बदलतात. पुष्कळांना हे विचित्र वाटते. तुम्हांला वाटायला नको. तुम्ही किताबचे कुतुब आणि मजमूनचे मजामीन करता, तेव्हा दुसरे काय करता? शब्दाच्या पोटात बदल करून अनेकवचन करण्याची ही पद्धत अरबीतून उर्दूत आली आहे आणि तुम्ही ती लहानपणापासून वापरत आहात. मराठी माध्यमातल्या मुलाला ही सवय नसते.

असेच एक उदाहरण 'न्यूज' या शब्दाचे. त्याच्या शेवटी 'एस' आहे, तरी इंग्रजीत तो एकवचनी चालतो. 'न्यूज आर' असे लिहिले की गुण गेला. यात अवघड काही नाही. 'अखबार' हे अरबीत 'खबर'चे अनेकवचन आहे; तरी तुम्ही "अखबार आया" असेच म्हणता ना? फर्निचर, होमवर्क, इन्फॉर्मेशन यांना तर 'एस' लावूच नये. मोजायचेच असेल तर 'पीस' किंवा तसाच दुसरा शब्द मदतीला घ्यावा.

काही ओळखीचे शब्द फसवतात. आपण चहा प्यायला हॉटेलात जातो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, नुसत्या खाण्यापिण्याची जागा ती रेस्टॉरंट. आपण घराच्या गॅलरीत कपडे वाळत घालतो; इंग्रजीत ती बाल्कनी. पाकिटावर आपण तिकीट चिकटवतो, इंग्रजी माणूस स्टॅम्प चिकटवतो. गाइडमध्ये शब्दासमोर एकच अर्थ छापलेला असतो, तेवढा पाठ केला की अशी गफलत होते. माझ्या मते त्या लांबलचक याद्या घोकण्यात निम्मा वेळ फुकट जातो.

शब्दाला शब्द नेमका जुळतोच असेही नाही. भिंतीवरचे घड्याळ 'क्लॉक', मनगटावरचे 'वॉच'. मराठीत दोन्ही घड्याळेच आणि उर्दूत दोन्ही घडीच. हाताचे बोट 'फिंगर', पायाचे 'टो'. उलट, मराठीत कच्चे ते तांदूळ आणि शिजलेला तो भात. उर्दूत दोन्हींना चावल आणि इंग्रजीत दोन्हींना राइस. काका, मामा, मावसा यांना तर इंग्रजीत सरसकट 'अंकल' म्हणतात. नात्यांच्या बाबतीत ही भाषा जरा कंजूषच म्हणायची!

लिंगाची अडचण मात्र इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक आहे. उर्दूत मेज स्त्रीलिंगी, मराठीत टेबल नपुंसकलिंगी, आणि इंग्रजीत निर्जीव वस्तूंच्या लिंगाची कटकटच नाही. किताब स्त्रीलिंगी असल्यामुळे तुमच्या तोंडून "माझी पुस्तक" असे निघते. मराठीत "माझे पुस्तक" म्हणावे लागते. म्हणून इंग्रजीतून आलेले शब्दही मराठीत लिंगासह लक्षात ठेवा: तो बल्ब, ती बस, ते तिकीट. इंग्रजीत याच्या जागी 'अ' की 'ॲन' एवढे पाहावे. तेथे अक्षर नव्हे, उच्चार पाहतात. अवर या शब्दातील 'एच'चा उच्चार होत नाही, म्हणून 'ॲन अवर'. युनिव्हर्सिटीचा उच्चार 'यु'ने सुरू होतो, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'.

एक वही करा. पानाच्या उजव्या कडेपासून उर्दू शब्द लिहा, डाव्या कडेपासून इंग्रजी, आणि मधल्या जागेत मराठी. दोन्ही लिप्या आपापल्या बाजूने येतील आणि मराठी शब्दापाशी भेटतील. रोज पाचच शब्द घ्या, पण ते एकाच जागेचे असू द्या: आज न्हाणीघर, उद्या किराणा दुकान, परवा शिंप्याचे दुकान. प्रत्येक इंग्रजी शब्दामागे 'अ' किंवा 'ॲन' आणि पुढे अनेकवचन लिहा. शिंप्याच्या दुकानापर्यंत याल तेव्हा कात्रीपाशी जरा थांबा. तिच्यामागे 'अ' लावता येत नाही, 'अ पेअर ऑफ' लिहावे लागते.

शब्दार्थ
ओळखपाळख – जान-पहचान. घोकणे – रटना. गाठोडे – गठरी. भावंडे – भाई-बहन. वखार – गोदाम. मुंगूस – नेवला. गफलत – भूल-चूक.

स्वाध्याय
१. 'मखजन' या शब्दाचा प्रवास तुमच्या शब्दांत सांगा.
२. 'न्यूज' आणि 'अखबार' या शब्दांत कोणते साम्य आहे?
३. 'माझी', 'माझा', 'माझे' यांपैकी योग्य शब्द लावा: बस, टेबल, बल्ब, पुस्तक, तिकीट.
४. तुमच्या स्वयंपाकघरातील पाच वस्तूंची नावे तीन भाषांत लिहा. त्यांपैकी कोणती नावे एकमेकांशी मिळतीजुळती आहेत, याविषयी घरातील वडीलधाऱ्यांशी चर्चा करा.