‘संदर्भ’ म्हणजे काय? (दूरशिक्षणातील गैरसमजाविषयी)

वर्गात शिकवताना फळ्याकडून मागे वळले, की कोणाला समजले आणि कोणाला नाही, हे शिक्षकाला चेहऱ्यांवरून कळते. दूरशिक्षणात नेमकी हीच सोय नसते. ही अडचण काही आजची नव्हे. इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी १८४० च्या सुमारास टपालाने लघुलेखन शिकवायला घेतले, तेव्हा विद्यार्थ्याने लिहून पाठवायचे व त्यांनी तपासून परत धाडायचे, अशी रीत होती. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. त्याने गावोगाव अभ्यासकेंद्रेही काढली, कारण नुसत्या छापील पुस्तकाला शंका विचारता येत नाही.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांचे म्हणणे असे, की या शिक्षणातले खरे अंतर मैलांत मोजायचे नसते. शिक्षक काय सांगतो आणि विद्यार्थी काय समजतो, यांच्यामध्ये गैरसमजाला जी जागा राहते, ते खरे अंतर. संवाद जितका कमी व अभ्यासक्रम जितका साचेबंद, तितके ते मोठे. ठाणे ते कल्याण हा रेल्वेचा प्रवास वीसेक किलोमीटरचा; पण मला हे दुसरे अंतर तोडायला महिना लागला.

गेल्या वर्षी मी इतिहासाच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातले. शिकवणारे सर ठाण्याला राहत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामाला आहेत, आई शिवणकाम करते. बरा फोन एकच, तो बाबा घरी आल्यावर रात्री नऊनंतर माझ्या हाती येई. निबंधाचा विषय होता ‘कल्याण : बंदर ते रेल्वे जंक्शन’. म्हणजे विषय अगदी घरचा! खाडीकाठचे जुने बंदर, १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेले कल्याण, १८५४ साली ठाण्याहून इथवर पोचलेली आगगाडी, हे सारे मी ग्रंथालयातली दोन पुस्तके पुढ्यात ठेवून स्वतःच्या शब्दांत लिहिले. चार दिवसांनी निबंध परत आला. खाली एकच शब्द होता : ‘संदर्भ?’

शाळेत ‘संदर्भासह स्पष्ट करा’ असे प्रश्न सोडवलेल्या मुलीला संदर्भ ठाऊक नसेल काय? कोण, कोणास, कोणत्या प्रसंगी म्हणाले, तो संदर्भ. मी दीड पान वाढवले. त्या काळी कल्याणवर विजापूरची सत्ता होती, लोहमार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने बांधला, वगैरे. उत्तर आले, ‘संदर्भ अजूनही नाहीत. सूचना नीट वाचा.’ सूचना मी तीनदा वाचल्या. त्यांत ‘योग्य संदर्भ द्यावेत’ एवढेच होते.

बाबांना दाखवले. ते म्हणाले, “सर रागावलेले दिसतात. माफी माग आणि मोकळी हो.” मी लिहिले, ‘सॉरी सर, चूक झाली, पुन्हा होणार नाही.’ त्यावर सरांनी विचारले, ‘म्हणजे हे कुठून तरी उतरवले आहे का?’

मला घाम फुटला. पुस्तके पुढ्यात होती, हे खरेच होते. पुस्तक उघडून लिहिणे म्हणजे कॉपी, एवढेच आम्हाला माहीत. म्हणून पुस्तकांची नावे मी मुद्दाम लिहिली नव्हती. सर जे मागत होते, तेच मी गुन्ह्याचा पुरावा समजून दडवत होते. खोटे लिहायचे नव्हते आणि खरे लिहायचे धैर्य नव्हते. तीन आठवडे मी उत्तरच दिले नाही. अभ्यासक्रम सोडावा, असेही मनात आले. आईला मात्र ‘चालू आहे’ म्हणून सांगत होते.

१९९० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक गमतीचा प्रयोग केला. काहींनी ओळखीच्या गाण्याचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा, इतरांनी गाणे ओळखायचे. निम्मी गाणी तरी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतात. ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. सरांचा ‘संदर्भ?’ असाच होता, आणि माझे ‘सॉरी’ही. ‘सर, संदर्भ म्हणजे काय?’ असे मी विचारायला हवे होते, हे मान्य. परंतु आपल्याला शब्द समजलेला नाही, हेच ज्याला समजलेले नाही, त्याने विचारावे तरी काय? म्हणून माझ्या मते पहिले पाऊल जाणत्याने टाकायचे असते.

ते सरांनीच टाकले. मुदत संपत आली, तेव्हा एका रात्री त्यांचा फोन आला.

“अगं, कल्याणला रेल्वे १८५४ साली आली, हे तुला कुणी सांगितलं?”

“पुस्तकात होतं, सर.”

“मग त्या पुस्तकाचं नाव लिही की! एवढंच तर मागत होतो मी.” थोडे थांबून ते म्हणाले, “मला वाटलं, तू चोरून लिहिलंस.”

“मलाही तसंच वाटत होतं, सर.”

बोलणे चार मिनिटांत संपले. पुढच्या निबंधाच्या सूचनेत नवी ओळ होती : ‘ज्या पुस्तकावरून माहिती घेतली, त्याचे नाव, लेखक, प्रकाशनवर्ष व पान लिहावे.’ माझे उशिराबद्दलचे दोन गुण कापले गेले, ते मात्र गेलेच.